तीस फेब्रुवारीचं आभाळ

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही वही घेतली त्याला सव्वा महिना झाला. पहिल्या पानावर काय लिहायचं याचा विचार करायला बसलो, तर पेन चालेना. पेन उघडलं, तर स्प्रिंग उडाली. स्प्रिंग शोधताना कपाटाखाली एक बारीक स्क्रू सापडला, आणि तो कुठल्या यंत्राचा हे शोधण्यात दोन दिवस गेले. सापडलं नाही. मग वहीवर चहाचा कप ठेवायची सवय लागली. कव्हरावर आता सहा गोल डाग आहेत. मी असाच आहे. ताई म्हणायची, "तू ना, पाणी आणायला पाठवला तर विहीर खणून येशील, पण पाणी आणणार नाहीस."

आज लिहायला बसलो, कारण दिवस मोजले. सत्तावीस उरलेत.

मी कुठे आहे ते आधी लिहितो, म्हणजे पुढे घोटाळा नको. काकांच्या दुरुस्तीच्या दुकानात आहे. काका म्हणजे नात्याने कुणी नाहीत, गल्लीत सगळेच त्यांना काका म्हणतात. रेडिओ, मिक्सर, फोन, जे येईल ते उघडतात. मी मागच्या खोलीत राहतो. चार वर्षांत ही माझी नववी नोकरी. आधी जहाजाच्या स्वयंपाकघरात, मग मांडववाल्याकडे, मग केबल ओढणाऱ्यांबरोबर, बाकीच्या लिहिण्यासारख्या नाहीत. इथे सात महिने टिकलोय, म्हणजे विक्रमच. तरी काका मला भटक्याच म्हणतात.

माझ्या कॉटसमोर एक कपाट आहे. त्यात लोकांनी दुरुस्तीला दिलेली आणि परत न नेलेली यंत्रं आहेत. प्रत्येकाला दोऱ्याने पावतीचा अर्धा तुकडा बांधलेला. काही तुकड्यांवरची शाई उडून गेलीय. मी एकदा म्हटलं, "काका, विकून टाका की भंगारात."

"आणि उद्या आला माणूस तर?"

"अकरा वर्षं झाली या टेपरेकॉर्डरला."

"मग काय झालं? दुरुस्तीला दिलंय त्याने, टाकलेलं नाही."

या कपाटाकडे तोंड करून मला झोप लागत नाही. मी भिंतीकडे वळून झोपतो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सत्तावीस दिवसांचं काय ते लिहायचं राहिलंच.

आम्ही लहान असताना आत्याने एक गेमचं यंत्र दिलं होतं. टीव्हीला जोडायचं, आत डिस्क घालायची. डिस्क एकच होती आणि ती आठवड्याभरात मी जिन्यावरून घसरवली. दुसरी कधी आली नाही. आई दवाखान्यात नर्स, पाळ्या बदलत्या. बाहेरून कडी लावून जायची. आम्ही दोघं आत, ताई अकराची, मी सहाचा, आणि डिस्क नसलेलं यंत्र.

पण डिस्क नसली तरी ते यंत्र सुरू व्हायचं. पडद्यावर आभाळ यायचं. खाली घड्याळ, तारीख, आणि कोपऱ्यात यंत्र आजवर किती वेळा सुरू केलं तो आकडा. बस एवढंच. आम्ही तेच खेळायचो. तारीख बदलली की आभाळाचा रंग बदलायचा, जूनमध्ये निळं, डिसेंबरात राखी. ताई म्हणायची, "चल, ऑक्टोबरात जाऊ." आणि आम्ही जायचो.

एकदा मी चुकून फेब्रुवारीला तीस तारीख लावली. यंत्राने निमूट घेतली! आणि आभाळ पांढरं झालं. ढगांसारखं नव्हे, दुधासारखं, कडेपर्यंत. रंगच नव्हता त्या दिवसासाठी त्याच्याकडे. ताई कितीतरी वेळ बघत बसली. मग म्हणाली, "हा दिवस कुणाच्याच कॅलेंडरात नाही. हा आपला."

मग नियम झाले. तीस फेब्रुवारीला खोटं बोलायचं नाही. तीस फेब्रुवारीला सांगितलेल्या गोष्टीवर रागवायचं नाही. परीक्षेचे मार्क, फुटलेली बरणी, सगळं आम्ही त्या तारखेला सांगायचो. आधी तारीख लावायची, मग बोलायचं. आणि शेवटचा नियम: ताई तीस वर्षांची होईल त्या वर्षीच्या तीस फेब्रुवारीला, जगात कुठेही असलो तरी, दोघांनी त्या आभाळासमोर बसायचं.

ताई गेल्या महिन्यात तीसची झाली. अठ्ठावीसच्या पुढे दोन मोजले की दोन मार्च येतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

काकांच्या लॅपटॉपवर एम्युलेटर बसवला. म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्राम. सोंग हुबेहूब घेतो, पण त्याला आत घालायला खऱ्या यंत्राचा जीव लागतो. कारखान्यात चीपमध्ये भरलेली एक फाईल असते, बायोस म्हणतात. आभाळ, घड्याळ, आवाज, सगळं तिच्यात. लोकांना ती नकोशी असते, कारण त्यांना गेम खेळायचे असतात. नवीन एम्युलेटर तर तिला डावलून सरळ गेमवर उडी मारतो. फुशारकीने लिहिलंय, "सुरुवातीचा पडदा पाहण्याची गरज नाही." मला पडदाच हवाय. गेम एकही नको.

एका साइटवर फाईल मिळाली. नाव बरोब्बर. सुरू केलं. तीच सुरावट, तेच आभाळ. तारीख फेब्रुवारीवर नेली, अठ्ठावीस, आणि पुढे दाबलं.

एक मार्च.

परत दाबलं. एक मार्च.

९ फेब्रुवारी, सोमवार

कळलं ते असं. पहिल्या खेपेच्या यंत्रांमध्ये चूक होती. फाईल लिहिणाऱ्या कुणा बिचाऱ्याने फेब्रुवारी इतर महिन्यांसारखाच धरला. दुसऱ्या खेपेपासून सुधारली. मला जी मिळाली ती सुधारलेली, फक्त नाव जुनं दिलेलं. अशा नाव बदललेल्या फायली ढिगाने फिरतात. म्हणून जाणकार लोक नाव बघत नाहीत, फाईलचा ठसा जुळवतात. प्रत्येक फाईलला अंगठ्यासारखा एक आकड्यांचा ठसा असतो, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी बदलतो.

जुन्या यंत्रांच्या वेड्यांचा एक फोरम आहे. तिथे लिहिलं: "पहिल्या खेपेची बायोस पाहिजे, जिच्यात ३० फेब्रुवारी चालते ती. फार गरज आहे." तासाभरात सतरा जण अंगावर धावून आले. तिथला पहिला नियमच असा: फाईल मागायची नाही, द्यायची नाही. ज्याने त्याने आपल्या यंत्रातून काढायची. एकाने लिहिलं, "गरज आहे म्हणे! औषध आहे का ते?"

संध्याकाळी एकच सरळ उत्तर आलं. टोपणनाव 'जुनं खोड'. "माझ्याकडे पहिल्या खेपेचं यंत्र आहे. तुझं कुठे गेलं?"

बघितलं तर या खोडाने चार वर्षांत फक्त याच एका यंत्राबद्दल लिहिलंय. घड्याळाची बॅटरी कशी बदलावी, धूळ कशी काढावी, पंखा कुरकुरला तर काय. कुणी निवृत्त आजोबा असणार. वेळ जात नसेल.

मी लिहिलं, "चोरीला गेलं."

१० फेब्रुवारी, मंगळवार

आजोबांचं उत्तर: "डिस्क नसलेलं यंत्र चोराला कशाला हवं होतं?"

डिस्क नव्हती हे मी लिहिलं होतं का? लिहिलं असेल. मी बोलायला लागलो की मला भान नसतं.

मी लिहिलं, चोराला काय कळतंय, त्याने घेतलं आणि गेला. उत्तर आलं: "बरं. आणि त्या चोराचं पुढे बरं चाललंय का?" काय तिरकस म्हातारा आहे! अगदी ताईसारखा टोचतो. फरक एवढाच की ताई टोचून झालं की वाढून द्यायची.

माझा बेत असा आहे: फाईल मिळवायची. दोन मार्चला पडद्यावर पांढरं आभाळ लावायचं, फोटो काढायचा आणि ताईला पाठवायचा. खाली लिहायचं, "यंत्र दुरुस्त झालं."

कारण मी तिला तसंच सांगितलं होतं. दुरुस्तीला दिलंय म्हणून.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आजोबांनी फोटो पाठवला, फक्त पडद्याचा. पांढरं आभाळ! खाली ३० फेब्रुवारी. मी दुकानात गिऱ्हाईक उभं असताना बघितला आणि गिऱ्हाइकाला उलटी बॅटरी घालून दिली.

कोपऱ्यातला आकडा ३४१२. बाप रे. आमचा १९९९ होता. नीट आठवतं, कारण शेवटच्या दिवशी वाटलं होतं की एकदा अजून लावून दोन हजार करावेत, पण घेणारा घाईत होता. आजोबा रोज लावत असणार, देवाला दिवा लावावा तसं. पडद्याच्या काचेत त्यांच्या खिडकीचं प्रतिबिंब पडलंय, तीन उभे गज. आमच्याही खिडकीला तीनच होते. जगातल्या सगळ्या खिडक्या एकच सुतार करतो की काय!

विचारलं, तुम्ही हे यंत्र कुठून घेतलं? उत्तर: "जुन्या सामानाच्या दुकानातून सोडवून आणलं."

सोडवून म्हणे. तुरुंगात होतं काय?

पण फाईल द्यायला तयार नाहीत. "नियम तो नियम."

१६ फेब्रुवारी, सोमवार

आज मी मार खाण्यालायक काम केलं.

कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरने एक यंत्र आणून दिलं, त्याच बनावटीचं. पंखा आवाज करतो, एवढीच तक्रार. वरचा नंबर बघितला तर मला वाटलं पहिल्या खेपेचं. काका बाहेर गेले होते. पंखा साफ करायला दहा मिनिटं पुरली असती. मी आतली चीप काढायला घेतली, वाचून परत बसवू म्हणून. कुणाला कळणार होतं?

घाईत जास्त तापवली. चीप निघाली, पण तिच्या पायांखालची, वीज नेणारी तांब्याची बारीक वाटही दोन ठिकाणी तिच्याबरोबर उखडून आली.

आणि चीप वाचली, ठसा जुळवला, तर दुसऱ्या खेपेची. यंत्राचं वरचं झाकण कुणीतरी कधीतरी बदललं होतं. नाव जुनं, आत नवीन. पुन्हा तेच.

झाकण लावून ठेवलंय. काकांना म्हणणार होतो, आधीच बिघडलेलं आलं. वाक्य तयार करून ठेवलंय. मला ही वाक्यं पटकन तयार होतात.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

काकांनी झाकण उघडलं, भिंग लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "भटक्या, हे माझ्या दुकानात झालंय. वास अजून येतोय."

मी तयार केलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर पडलं. सगळं सांगितलं. आभाळ वगैरे नाही, चीपचं.

काका केसाएवढी तार घेऊन बसले. तुटलेल्या वाटेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तार डकवत गेले. हात जरासुद्धा हलत नव्हता. दोन तासांनी यंत्र सुरू झालं.

मी म्हटलं, "डॉक्टरांना सांगायची गरज नाही ना आता?"

"तूच सांगायचं. मी शेजारी उभा राहतो, तुझी दातखीळ बसली तर डॉक्टर आहेतच."

सांगितलं. डॉक्टर ओरडले. मोठ्याने, पण तीन-चार मिनिटंच. मग म्हणाले, पंख्याचा आवाज गेला का? गेला म्हटलं. घेऊन गेले.

एवढंच होतं ते? मला वाटायचं की खरं सांगितलं की काहीतरी कायमचं कोसळतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी दुकान बंद असतं तेव्हा समोरच्या पायरीवर बसलो. चांभार डबा खात होता. औषधवाल्याची बायको नवऱ्याला ओरडत होती की छत्री विसरलास. उन्हात छत्री कशाला, तर म्हणे उन्हासाठीच. मला कुणी काही विसरलास म्हणून ओरडलं त्याला चार वर्षं होतील. ताईचा नंबर पाठ आहे. सगळे आकडे दाबले आणि शेवटचा तसाच ठेवला. पडद्यावर तो नंबर बराच वेळ अर्धवट उभा होता. मग फोनच कंटाळून मिटला.

आजोबा आठ दिवस गप्प आहेत. मी रोज काहीबाही लिहितो. आज लिहिलं की पाटीच्या मागे कबुतराने घरटं केलंय.

२३ फेब्रुवारी, सोमवार

आज सकाळी आजोबांना लिहिलं ते इथे उतरवून ठेवतो.

"आज तेवीस आहे, पण तुम्ही तीस फेब्रुवारी समजून वाचा. त्या तारखेला आमच्या घरी खोटं चालत नव्हतं. यंत्र चोरीला गेलं नाही. मी विकलं. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो होतो. ताई कामावर जायची, आणि संध्याकाळी आली की आईच्या खुर्चीवर न बसता जमिनीवर बसायची. मला ते बघवेना. एकाने जहाजावर काम आहे म्हटलं, जायला भाडं हवं होतं. ताई कामावर असताना यंत्र पिशवीत घातलं. ते माझं एकट्याचं नव्हतं. तिला फोनवर म्हटलं, दुरुस्तीला दिलंय. पुढचे तीन फोन ती विचारत राहिली, झालं का रे दुरुस्त? चौथ्यांदा मी फोन उचलला नाही. मग नंबर बदलला. तुमची फाईल मला ताईला अजून एकदा फसवायला हवी होती. आता नको. तुमचं यंत्र जपा. बॅटरीबद्दल तुम्ही लिहिलंय ते फार चांगलं आहे."

पाठवून झाल्यावर मिक्सरची तीन भांडी घासली. घासायची गरज नव्हती.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

काही नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उत्तर आलं! सगळं उतरवतो, मोठं नाही.

"वाचलं. फाईल मिळणार नाही, नियम तो नियम. ज्याने त्याने आपल्या यंत्रातून काढायची. दुकानाचा पत्ता दे. चीप तापवताना घाई करू नकोस, तुला घाईची खोड आहे."

डॉक्टरांच्या चीपचं मी त्यांना सांगितलं होतं का? बहुतेक कबुतराच्या आधी सांगितलं असावं. मी पत्ता दिला. त्यांनी एकच ओळ लिहिली: "तीस तारखेला पोचेल."

मी लिहिलं, आजोबा, फेब्रुवारीला तीस तारीख नसते. माझीच गोष्ट मला ऐकवतात. पण स्वतःचं यंत्र अनोळखी माणसाला पार्सलने पाठवायचं म्हणजे कमाल आहे. या माणसाचं घरी कुणी नसणार. एवढं मन कशात गुंतवतात ते एकटेच असतात.

१ मार्च, रविवार

दुकान बंद. तरी काकांच्या मागे लागून बाकडं मोकळं करून घेतलं. काका म्हणाले, "कोण येतंय, राजा?"

"पार्सल येतंय."

"मग दाढी कशाला केलीस?"

खरंच, का केली कुणास ठाऊक. न नेलेल्या यंत्रांवरची धूळ पुसली. दोऱ्याने बांधलेले तुकडे सरळ केले. टेपरेकॉर्डरला वायर लावून बघितली, चालतोय अजून. चालतोय आणि कुणी येत नाही. आज पहिल्यांदा कपाटाकडे तोंड करून दुपारची झोप काढली. उद्या यंत्र आलं तरी फोटो पाठवणार नाही असं ठरवलंय. ताईला फोन करीन. शेवटच्या आकड्यासकट.

२ मार्च, सोमवार

म्हणजे मोजलं तर तीस फेब्रुवारी.

सकाळचे साडेदहा. पार्सलवाला रोज नऊला येतो, आज येऊन गेला. माझ्यासाठी काही नाही. त्याला दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला गल्लीच्या टोकापर्यंत गेलो तर तो म्हणाला, "दादा, तुमचं असतं तर मी लपवून काय करू?"

मागे खोलीत येऊन बसलोय. फोन समोर ठेवलाय. आधी हे लिहून घेतो, मग लावतो. टाळत नाहीये, खरंच. आजोबांचा राग नाही. विसरले असतील, किंवा मन झालं नसेल. यंत्र द्यायचं म्हणजे सोपं आहे का? मी दिलं होतं तेव्हा मला सोपं वाटलं होतं, तेच तर

काकांनी हाक मारली. त्यांचा आवाज वेगळा येतोय, हळू. गिऱ्हाइकासमोर ते कधी हळू बोलत नाहीत. पडद्याआडून म्हणताहेत,

"भटक्या, पुढे ये जरा. एक बाई आल्यात. हातात पिशवी आहे, वायर बाहेर लोंबतेय. पावती नाही म्हणतात. विचारताहेत, चार वर्षांपूर्वी भावाने दुरुस्तीला दिलेलं यंत्र झालं का?"